रिसॉर्टमध्ये गोंडोला की बस? आधी वऱ्हाड मोजा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाही ना, हे तुम्हालाही कळेल. रामटेकच्या अलीकडे तुमच्या मंडळींची चारशे एकर जागा आहे. तीन हॉटेलं, एक वॉटर पार्क, लग्नाची दोन लॉन, मधोमध तलाव, आणि गाड्यांचं पार्किंग सगळं हायवेच्या अंगाला. पाहुण्यांच्या गाड्या आत सोडायच्या नाहीत, एवढं ठरलंय. तुम्ही फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड बघून आलात, तिथला स्कायलायनर, म्हणजे दोरावर लटकत जाणाऱ्या कॅबिनचा गोंडोला, डोक्यात बसलाय, आणि आपल्याकडेही बसऐवजी गोंडोलाच हवा असं तुमचं म्हणणं. भागीदार म्हणतात, बस लावा, पैसे वाचवा. दोघांत बरोबर कोण?

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. सुरुवात एका खाणीत, कोळशाच्या बादल्या वाहणाऱ्या रोपवेवर मेकॅनिक म्हणून केली. मग एका देवस्थानाच्या डोंगरावरच्या प्रवासी रोपवेवर नऊ वर्षं काढली, शेवटी मेंटेनन्स इनचार्ज होतो. आणि गेली बारा-तेरा वर्षं नागपुरात कंपन्यांच्या स्टाफ बस आणि मोठ्या लग्नांतली ने-आण यांचं नियोजन करतो. दोर आणि स्टिअरिंग, दोन्हीकडचं ग्रीस हाताला लागलेलं आहे. रोपवेवर माझा जीव जरा जास्तच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरी उत्तर तुम्हाला आवडेलच असं नाही.

सुरुवात डिस्नेपासूनच करू. डिस्नेने सगळीकडच्या बस काढून गोंडोला लावलेला नाही. स्कायलायनर २९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाला. डॉपेलमायर या ऑस्ट्रियन कंपनीची यंत्रणा, तीन मार्ग, तीनशेच्या आसपास कॅबिन, एका कॅबिनमध्ये जास्तीत जास्त दहा माणसं. तो पोचतो फक्त दोन पार्कांना, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज, आणि वाटेवरच्या मोजक्या हॉटेलांना. त्याच हॉटेलातल्या पाहुण्याला मॅजिक किंगडमला जायचं असलं की तो आजही बसच्याच रांगेत उभा राहतो. तिथल्या बस शेकड्यांनी मोजाव्या लागतात. ती सगळी जागा शंभर चौरस किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे नागपूर महापालिकेच्या हद्दीच्या जवळपास निम्मी आणि तुमच्या जागेच्या साठपट. एवढ्या पसाऱ्यातून त्यांनी दिवसभर दोन्ही बाजूंनी गर्दी वाहते असे दोन-तीन पट्टे निवडले आणि तिथेच दोर टाकला. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या दोन हॉटेलांना मिळून तळ्याकाठी एकच स्टेशन आहे, आणि त्या एका स्टेशनामागे साडेचार हजारांच्या वर खोल्या आहेत. तुमच्या तिन्ही हॉटेलांच्या मिळून किती? तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज चारशे-पाचशेच्या पुढे जात नाही.

म्हणून ‘गोंडोला की बस’ हा प्रश्नच मला जरा तिरपा वाटतो. खरा प्रश्न असा आहे: कोणत्या दोन ठिकाणांमध्ये, कोणत्या वेळी, किती माणसं, आणि ती एकदम येतात की थोडीथोडी? हे कळलं की वाहन आपोआप ठरतं. हे न कळता घेतलेलं कोणतंही वाहन महागच पडतं.

दोन्हींच्या स्वभावातला फरक समजून घ्या. बस माणसं ढिगाने उचलते, गोंडोला धारेने. आपल्याकडे सगळ्यालाच रोपवे म्हणतात, पण रायगडला एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात. तिथे फेरीची वाट पाहावी लागते, म्हणजे एक प्रकारे ती हवेतली बसच. तुम्ही पाहिलेला गोंडोला वेगळा. त्यात दोर सतत फिरत असतो, कॅबिन स्टेशनात आली की दोर सोडते, मुंगीच्या पावलांनी सरकते, माणसं चढतात आणि ती पुन्हा दोर पकडून निघते. समजा दर १२ सेकंदांनी ८ जणांची एक कॅबिन सुटली. तासाला ३०० कॅबिन, म्हणजे एका दिशेने २,४०० माणसं. दोराचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला तर दोन कॅबिनमध्ये ६० मीटर अंतर, आणि दीड किलोमीटरचा प्रवास पाच मिनिटांचा, वर स्टेशनातलं सरकणं. वाट पाहणं जवळपास शून्य. हीच त्याची जादू. तुम्ही भारावलात ते उंचीने कमी आणि न थांबता चढायला मिळालं म्हणून जास्त, असं मला वाटतं.

आता तोच दीड किलोमीटर बसने. रिसॉर्टच्या आत सरासरी २० किलोमीटरचा वेग धरा. जायला साडेचार मिनिटं, यायला तेवढीच, दोन्ही टोकांना चढ-उतारीला तीन-तीन मिनिटं. पंधरा मिनिटांत एक फेरी पूर्ण, तासाला चार फेऱ्या, ३० सीटची बस म्हणजे तासाला १२० माणसं. तासाला ६०० माणसं न्यायची तर पाच बस, आणि दर तीन मिनिटांनी एक बस सुटते. तीन मिनिटांची वाट कोणालाही खुपत नाही. पण हीच मागणी २,४०० वर गेली की वीस बस लागतात, दर ४५ सेकंदांनी एक सोडावी लागते, आणि प्रत्येक बस तीन मिनिटं उभी राहणार म्हणजे प्रत्येक टोकाला एका वेळी चार बस लागतील एवढा फलाट हवा. इथे बसचा जीव गुदमरतो आणि गोंडोलाचं राज्य सुरू होतं.

तर तासाला सहाशेवाले की चोवीसशेवाले, तुम्ही कोण? आणि चोवीसशे असलात तरी वर्षातले किती तास? सगळं इथेच अडतं. माझी एक फजिती सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी काटोल रोडकडच्या एका लॉनवर लग्न होतं. अठराशे पाहुणे, पार्किंग सव्वा किलोमीटर दूर. मी चार मिनीबस लावल्या, प्रत्येकी २५ सीट, १२ मिनिटांची फेरी. कागदावर तासाला ५०० माणसं. पाहुणे येताना सगळं सुरळीत, कारण लोक सात ते नऊ असे सावकाश येत राहिले. यजमानांनी पाठ थोपटली. मग जेवणं झाली, आणि सव्वादहा ते पावणेअकरा या अर्ध्या तासात सातशे माणसं एकदम परतीच्या रांगेत. अर्ध्या तासात माझ्या बस नेणार अडीचशे. दहा मिनिटांत रांग मंडपाच्या कमानीपर्यंत पोचली. अजून डोळ्यांसमोर आहे, भरजरी शालू नेसलेली एक बाई, खांद्यावर झोपलेलं पोर, दुसऱ्या हातात स्वतःच्या चपला, आणि ती अंधारातून पार्किंगकडे चालत निघालेली. तिच्या मागून पाच, मग पन्नास. अंधाऱ्या रस्त्यावर माणसं चालायला लागली म्हणून बसचा वेग आणखी उतरला, आणि माझं कागदावरचं ५०० प्रत्यक्षात साडेतीनशेवर आलं.

त्या रात्री तिथे गोंडोला असता तर? सातशे माणसं वीस मिनिटांत पार. पण वर्षातल्या बाकीच्या तीनशे-सव्वातीनशे रात्री तो रिकामा फिरला असता. मी पुढच्या लग्नापासून काय केलं, तर फक्त त्या पाऊण तासासाठी सहा बस जास्तीच्या मागवल्या आणि रस्त्याच्या कडेला दोरी बांधून चालणाऱ्यांची वाट वेगळी केली. खर्च किरकोळ. बस जास्तीची मागवता येते, नको असली की परत पाठवता येते. दोर असा कमी-जास्त करता येत नाही. रात्री एक वाजता सहा पाहुणे उरले असले तरी गोंडोलाला पूर्ण दोर फिरवावा लागतो, दोन्ही स्टेशनांवर माणसं उभी ठेवावी लागतात, कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर जागा ठेवावा लागतो. बसला एक ड्रायव्हर पुरतो.

पैशांचं बोलू. वाराणसीत कॅन्ट स्टेशन ते गोदौलिया असा ३.७५ किलोमीटरचा रोपवे, पाच स्टेशनं, तासाला एका दिशेने ३,००० प्रवासी. मार्च २०२३ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च सुमारे ६४५ कोटी सांगितला गेला. म्हणजे किलोमीटरला १७० कोटींच्या वर. तो दाट वस्तीतून जाणारा शहरी प्रकल्प आहे, तुमची जागा स्वतःची आणि मोकळी, तुम्हाला एवढं लागणार नाही. चौथा हिस्सा धरू, किलोमीटरला ४३ कोटी. इलेक्ट्रिक बस एक अगदी दीड कोटीची धरली तरी त्या पैशांत अठ्ठावीस येतात. तुम्हाला हव्यात सहा-सात.

आता हवामान. आपण नागपुरात आहोत, ऑर्लँडोत नाही, आणि इथे डिस्नेचं उदाहरण कामाला येत नाही. स्कायलायनरच्या कॅबिनमध्ये एसी नाही. झरोक्यांतून वारा खेळत राहतो, आणि कॅबिन चालती असेल तोवर तेवढं पुरतं. फ्लोरिडाचा उन्हाळा दमट असला तरी पारा आपल्यासारखा पंचेचाळिशीला टेकत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, दुपारी दोन वाजता काचेच्या डब्यात बसायचं म्हणजे काय, ते मला विचारा. देवस्थानाच्या रोपवेवर मी एकदा थांबलेल्या कॅबिनमध्ये थर्मामीटर ठेवला होता: बाहेर ४२, आत ४९. एसी बसवता येतो, पण दोरावरून कॅबिनला वीज मिळत नाही, म्हणून बॅटरी आत ठेवावी लागते, ती स्टेशनात चार्ज करावी लागते, वजन वाढतं, आणि वजन वाढलं की दोर, खांब, मोटर, सगळ्यांचं माप वाढतं. तुमचा वॉटर पार्क नेमका एप्रिल-मेमध्येच भरणार. म्हणजे गर्दीचा महिना आणि भट्टीचा महिना एकच.

अवकाळीचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी चारनंतर आभाळ भरून येतं, वारा सुटतो, विजा, कधी गाराही. विजा कडाडू लागल्या की गोंडोला थांबवावाच लागतो: नवी माणसं चढवायची नाहीत, दोरावरची उतरवून घ्यायची, मग बंद. डिस्नेलाही हे चुकलेलं नाही. तिथे स्कायलायनर बंद असला की पाहुण्यांना बसने पोचवतात, कारण बस आहेतच. तुमच्याकडे काय असेल? वॉटर पार्कही त्याच वादळात रिकामा होणार, चिंब भिजलेली दीड-दोन हजार माणसं एकदम पार्किंगकडे निघणार, आणि नेमका तेव्हाच गोंडोला बंद. म्हणजे गोंडोला घेतलात तरी बस ठेवाव्याच लागतील, आणि सर्वात मोठ्या गर्दीला पुरतील एवढ्या.

आता बंद पडण्याबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण ब्रोशरमध्ये हे पान नसतं.

बस बंद पडली तर तीस माणसं खोळंबतात, मागून येणारी त्यांना उचलते. दोर थांबला तर सगळेच थांबतात, आणि तेही हवेत. आमच्या देवस्थानाच्या रोपवेवर चैत्र नवरात्रात एकदा दुपारी लाइन बंद पडली. आधी वीज गेली, जनरेटर लागला, पण कंट्रोल पॅनल काही केल्या पुढे जाऊ देईना. चार नंबरच्या खांबावरचा दोराच्या जागेचा स्विच तुटल्याचा इशारा येत होता. हा स्विच दोर पुलीवरून घसरला की तुटावा यासाठीच बसवलेला असतो. आता हा खरंच दोर घसरलाय की नुसता स्विच गेलाय, हे खालून दुर्बिणीने कळत नाही. आणि घसरलेला दोर ओढला तर काय होतं, ते सांगायची गरज नाही. म्हणून नियम एकच: खांबावर माणूस चढून डोळ्याने बघितल्याशिवाय दोर तसूभरही हलवायचा नाही. आमचा फिटर चढला, दोर जागेवर होता, स्विचच गेला होता. मग डिझेल इंजिनवर सावकाश एकेक कॅबिन उतरवली. सगळं नियमानुसार, कोणाला खरचटलंही नाही, आणि तरी शेवटचा माणूस उतरेपर्यंत बावन्न मिनिटं गेली. एक आजी उतरल्या, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, “देवी त भेटली बाप्पा, पण तुमच्या डब्यात नरकही पाह्यला.” दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कॅबिनमध्ये पाण्याच्या बाटल्या ठेवायला लागलो.

हे छोटं प्रकरण होतं. स्कायलायनर सुरू झाल्यावर आठवडाभरातच, ५ ऑक्टोबर २०१९ ला रात्री एका मार्गावर कॅबिन एकमेकींवर साचल्या, लाइन थांबली, आणि काही लोक तीन तासांच्या आसपास वर अडकून राहिले. काहींना अग्निशमन दलाने उतरवलं. आणि १० एप्रिल २०२२ ला देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर जे झालं ते तर तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल: हवाई दलाची हेलिकॉप्टरं, चाळीस तासांहून जास्त चाललेली सुटका, तिघांचा मृत्यू. मी घाबरवायला हे सांगत नाही. नीट देखभाल केलेला रोपवे हे फार सुरक्षित वाहन आहे, रस्त्याशी तुलना केली तर जास्तच. पण त्याची सुरक्षितता विकत घेऊन ठेवता येत नाही, रोज सकाळी कमवावी लागते. रोज पहिल्या प्रवाशाआधी रिकामी फेरी. कॅबिनच्या पकडींची ठरलेल्या तासांनी उघडून तपासणी. दोराच्या आतल्या तारा तुटल्यात का, ते चुंबकीय यंत्राने बघणं. दोर ताणून लांबला की तो कापून पुन्हा जोडणं, आणि हा जोड म्हणजे गाठ नव्हे. दोराच्या जाडीच्या १,२०० पट लांबीत एकेक पेड दुसऱ्यात विणत न्यायचा असतो. ४० मिलिमीटरचा दोर असेल तर ४८ मीटरचा जोड! तो करणारी माणसं देशात हाताच्या बोटांवर नसली तरी मोजकीच, आणि ती तुमच्या तारखेला येत नाहीत, तुम्ही त्यांच्या तारखेला लाइन बंद ठेवता. बसचा क्लच गेला तर कामठी रोडला कोणीही बदलून देईल.

तलावावरून मार्ग नेणार असाल तर सुटकेसाठी होड्या आणि प्रशिक्षित माणसं तयार ठेवावी लागतील, हे त्यातच धरा. आणखी एक, हे फक्त आपल्या भागातलं: कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून निघालेल्या उच्चदाब वाहिन्यांच्या मनोऱ्यांच्या ओळी त्या पट्ट्यातून कुठून जातात, ते जागेच्या नकाशावर आधी पाहा. वाहिनीच्या वरून किंवा खालून दोर न्यायचा म्हणजे परवानग्यांचं वेगळंच पुराण.

मग गोंडोला कुठे शोभतो? जिथे बसला तीनपैकी एक तरी आजार आहे: चढ, पाणी किंवा ट्रॅफिक. बोलिव्हियात ला पाझ आणि वरच्या एल आल्तोमध्ये काही शे मीटर उंचीचा फरक आहे, रस्ते वळणावळणाचे आणि तुंबलेले. तिथे २०१४ पासून केबल कारचं जाळंच उभं राहिलं आणि ते बरोबर आहे. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये २००४ पासून डोंगरउतारावरच्या वस्त्या मेट्रोला अशाच जोडल्यात. आपल्या लोकांना जवळचा म्हणजे छत्तीसगडातल्या डोंगरगडच्या देवीचा रोपवे. हजाराच्या वर पायऱ्या चढू न शकणाऱ्याला दुसरा मार्ग काय? केंद्राने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात रोपवेची जी योजना जाहीर केली तिचं नावच ‘पर्वतमाला’ आहे. खातं गडकरींचं, त्यामुळे नागपुरात कोणीही कुठेही रोपवेचं स्वप्न बघतो, त्याला इलाज नाही.

तुमची जागा सपाट आहे. आणि रस्ता तुमचा स्वतःचा आहे! शहरात बस बदनाम होते ती ट्रॅफिकमुळे. तुमच्या फाटकाच्या आत एकही खासगी गाडी नाही, मग बसला अडवणार कोण? बसचा सगळ्यात मोठा रोग तुमच्याकडे मुळातच नाही. उरला तलाव. तिथे मात्र तुमच्या बाजूने बोलायला जागा आहे, त्यावर येतोच.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: सपाट जमीन, मोकळा रस्ता, ठरावीक तासांनाच उसळणारी गर्दी आणि भट्टीसारखा मे. चारही गोष्टी बसच्या बाजूने. गोंडोलाच्या बाजूने एक तलाव, आणि दिसण्याची हौस.

पण बसच्या आधी एक काम. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलं ते पार्किंग. सगळं हायवेला का? वॉटर पार्कला येणारा माणूस दिवसभराचा पाहुणा. तो सकाळी दहा ते एक असा विखरून येतो, पण सहाला पार्क बंद झाला की तासाभरात सगळे एकदम निघतात. पाच हजार तिकिटं विकली गेली आणि निम्मी माणसं शेवटच्या तासात निघाली, तरी अडीच हजार. त्यांना दीड किलोमीटर कशाला न्यायचं? पार्किंगचा मोठा तुकडा वॉटर पार्कच्या फाटकाला लावा, त्याला हायवेवरून वेगळा रस्ता द्या, आणि तुमची सर्वात मोठी गर्दी वाहनाशिवाय मिटली. चारशे एकर चौकोनी धरली तर एक बाजू जेमतेम सव्वा किलोमीटर भरते. एवढ्या जागेत नकाशावर खोडरबर फिरवणं हे कुठल्याही वाहनापेक्षा स्वस्त आहे, आणि ते फक्त आत्ताच करता येतं, पाया खणण्याआधी. आर्किटेक्ट कुरकुरेल. कुरकुरू द्या.

मग बस. रिसॉर्टच्या बस वाईट का वाटतात, त्याची कारणं मी पाहिलीत ती सांगतो. पहिलं, नकाशावर सगळ्या ठिकाणांना जोडणारा एक गोल काढतात आणि बस एकाच दिशेने फिरवतात. दिसायला सुंदर, पण पहिल्या हॉटेलातून शेजारच्या लॉनवर जाणारा उलट्या बाजूचा पाहुणा पूर्ण प्रदक्षिणा घालतो. गोल नको, मधला एक सरळ कणा करा आणि त्यावर बस जा-ये करू द्या. दुसरं, ‘दर अर्ध्या तासाने’ असं वेळापत्रक लावतात. पाहुणा वेळापत्रक वाचत नाही, थांब्यावर येतो आणि चिडतो. गर्दीच्या वेळी अंतर चार-पाच मिनिटांवर आणा, मग पाटीची गरजच नाही. तिसरं, थांबा. चार खांब आणि वर पत्रा म्हणजे थांबा नाही. मेमध्ये तो तवा असतो. दाट सावली, मोठा कूलर, पाण्याचं मडकं. वाट पाहण्याच्या पाच मिनिटांवर केलेला खर्च बसच्या सीटवर केलेल्या खर्चाहून जास्त फळतो. आणि बस खालच्या फरशीच्या, रुंद दोन दारांच्या घ्या. लग्नातल्या आजी, व्हीलचेअर, बॅगा, ढोलताशावाल्यांचे ढोल, सगळं तीन मिनिटांत आत जायला हवं. गोंडोलाच्या सरकत्या कॅबिनमध्ये शालू सावरत चढणाऱ्या आजींसाठी ऑपरेटरला दर वेळी लाइन हळू करावी लागते, म्हणजे एकीसाठी सगळे थांबले. डिस्नेने व्हीलचेअरसाठी बहुतेक स्टेशनांत कॅबिन बाजूला घेऊन थांबवायची वेगळी वळणवाट केली आहे. ती जागा आणि तो खर्च तुमच्या आराखड्यात धरलाय का, बघा.

लग्नाच्या रात्रींसाठी बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपन्यांना लागलेल्या स्टाफ बसवाल्यांशी वर्षाचा करार करून ठेवा. मुहूर्ताच्या तारखांना आख्ख्या नागपुरात बस मिळत नाही. ऐनवेळी फोन करणाऱ्याला दुप्पट भाव, आणि वर सीट फाटलेली गाडी.

आता तलाव. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे तिसरं हॉटेल पलीकडच्या काठावर असेल, सरळ रेषेत सहा-सातशे मीटर आणि रस्त्याने वळसा दोन किलोमीटरचा, तर तेवढ्या एका तुकड्यावर छोटा गोंडोला मी उडवून लावणार नाही. पण त्याचा हिशेब वाहतुकीच्या खात्यात मांडू नका. तो राइड म्हणून मांडा. संध्याकाळी सूर्य तलावात बुडताना लोक त्याचं तिकीट काढतील, फोटो काढतील, तुमच्या जाहिरातीत तोच असेल. त्या तिकिटांतून कर्जाचा हप्ता आणि देखभाल निघत असेल तर खुशाल करा. निघत नसेल तर तुमची हॉटेलं त्याला पोसत राहतील. आणि तो बंद असताना तिसऱ्या हॉटेलचा पाहुणा अडकता कामा नये. म्हणजे वळशाच्या रस्त्यावर बस आलीच.

हे सगळं कशावर फिरू शकतं, तेही सांगतो. खोल्या पाचशेऐवजी दोन हजार असतील, जागेच्या शेजारी टेकडीवर काही बांधणार असाल, किंवा पार्किंग हलवणं कायद्याने अशक्य असेल, तर माझं गणित बदलतं आणि मी पुन्हा बसून आकडे मांडीन. आज तुम्ही दिलेल्या माहितीवर मी तुमच्या भागीदारांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या ‘पैसे वाचवा’ या कारणासाठी नाही. वाचलेले पैसे थांब्यांवर आणि रस्त्याकडेच्या झाडांवर घाला, नाहीतर दोन वर्षांनी पाहुणे तुमच्या बसला शिव्या घालतील आणि तुम्ही म्हणाल, मी सांगत होतो, गोंडोला घ्या.

तलावाच्या दोन काठांमध्ये सरळ रेषेत वीस मीटरची पट्टी आणि दोन्ही टोकांना स्टेशनापुरती जागा मोकळी सोडा. तिथे फक्त गवत लावा. दोन उन्हाळे आणि दोन लग्नसराया बसवर काढा, आणि प्रत्येक थांब्यावर एक पोरगा वही देऊन बसवा: दर पंधरा मिनिटांत किती चढले, किती मागे राहिले. एवढे दोनच रकाने. मे महिन्यातला एक रविवार आणि मोठ्या मुहूर्ताची एक रात्र, या दोन दिवसांची पानं माझ्याकडे पाठवा. मागे राहिलेल्यांचा रकाना भरलेला दिसला, तर खांब कुठे रोवायचे ते सांगायला मी स्वतः जागेवर येईन.